पिक्चर वेगळा, माणूस वेगळा

मी चांगला माणूस नाही. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणाची फसगत नको. वय झालं की माणसं आपलं तरुणपण घासूनपुसून लख्ख करतात आणि नातवंडांपुढं मांडतात. माझ्याकडं मांडण्यासारखं एकच आहे, आणि ते घाण आहे.

बहात्तरच्या दुष्काळात मी एकवीस वर्षांचा होतो. मॅट्रिक नापास, अंगानं काटकुळा आणि तोंडानं तिखट. आमचं गाव वाशीपासून पायी दीड तासावर. वाशीच्या बाजारतळाला लागून पत्र्याचं एक थेटर होतं. थेटर कसलं! वर पत्रा, बाजूनं पत्रा, खाली माती आणि समोर चुना मारलेली भिंत. दारावर गोणपाट टाकलं की झाला अंधार. मार्चमध्ये आत बसलं की माणूस उकडून निघायचा, तरी बाजारच्या दिवशी दुपारचा खेळ भरगच्च असायचा. बाहेर तरी काय होतं बघायला? उघडी रानं आणि मेलेल्या गुरांवर बसलेल्या घारी.

थेटरचा मालक दखनी बोलणारा, गोलमटोल, कायम तोंडात सुपारी. मशीनही तोच चालवायचा. सोलापुरात आपटलेली इंग्रजी पिक्चरं त्याच्याकडं यायची, पत्र्याच्या पेटीतून, तुळजापूर-उस्मानाबाद करत यष्टीच्या टपावरनं. आता इंग्रजी आमच्याकडं कुणाच्या बापाला कळतंय? म्हणून त्यानं मला पडद्याच्या बाजूला टेबलावर बसवलं, हातात माइक दिला आणि सांगितलं, "तू मराठी बोल. क्या बी बोल मियाँ, पन चुप नक्को बैठ." मला इंग्रजी यस, नो आणि थँक्यू एवढंच येत होतं. पण पडद्यावर माणूस ओठ हलवायला लागला की मी बोलायचो. बाई रडली की रडायचो, गाडी पळाली की मीच तोंडानं ओरडायचो. लोकांना वाटायचं, पोरगं शिकलेलं आहे, सगळं कळतंय त्याला.

यात एक गोम होती, ती नीट सांगतो. थेटरच्या छपरावर मोठा कर्णा होता. खेळ सुरू व्हायच्या आधी त्याच कर्ण्यावरनं, माझ्याच आवाजात, सरकारी आणि सोसायटीच्या सूचना जायच्या. खडी फोडायचं काम कुठं निघालं, गुरांना टोचायला डॉक्टर कधी येणार, छावणीत वैरण कधी उतरणार. चेअरमन कागद पाठवायचा, मी वाचायचो. मी सांगितलं की मंगळवारी टँकर येणार, तर मंगळवारी टँकर यायचा. त्यामुळं त्या कर्ण्यातनं, त्या आवाजात जे येईल ते खरं, असं आसपासच्या दहा-बारा गावांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. पुढं तोच आवाज पिक्चरची गोष्ट सांगायचा. सूचना कुठं संपली आणि गोष्ट कुठं सुरू झाली, हे कुणी वेगळं काढत नव्हतं. मीही नाही.

गुरांची छावणी आमच्या गावच्या सोसायटीनं चालवली होती, वाशीच्या रस्त्याला, ओसाड माळावर. काटेरी फांद्यांचं कुंपण आणि एक लाकडी फाटक. फाटकावर एक म्हातारा असायचा. साठीचा, टकला, गळ्यात उपरण्याचा पिळा, डावा हात सदा कमरेवर, कारण कंबर धरलेली. पोटी मूलबाळ नाही. नवरा-बायको दोघं छावणीतच एका पाचटाच्या खोपीत राहायचे. छावणीत जेवायला मिळायचं, तेवढाच त्यांचा आधार. त्यांना सगळे नाना म्हणायचे, मीही म्हणायचो.

छावणीला एक नियम होता. जनावर आपल्या पायानं चालत आत आलं पाहिजे. आडवं पडलेलं, ओढून आणलेलं घ्यायचं नाही. कारण आत जनावर मेलं की कागद रंगवावे लागतात, साहेब चौकशीला येतो. बाहेर मेलं तर ते कुणाचंच नाही.

फेब्रुवारीत माझा बाप आमचा बैल घेऊन निघाला. जोडीतला एक आधीच गेला होता, हा उरला होता. घरात जनावर म्हणून तेवढंच. फाटक वीस पावलांवर राहिलं आणि बैलानं बसकण मारली. बापानं शेपटी पिरगाळली, कान चावला, नाकात पाणी ओतलं. शेवटी पोटाखाली पाचट पेटवलं. बैलानं मान हलवली, पण उठला नाही. मी तिथंच होतो. नाना फाटकातनं म्हणाले, "म्या काय करू? नियम हाय. उठवा, चालवा, मग लिहितो." बाप हात जोडून उभा. दोन दिवस बैल तिथंच पडून होता, आतल्या गुरांचा रवंथ ऐकत. तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. बाप घरी आला आणि भिंतीला टेकून बसला. महिनाभर कुणाशी बोलला नाही. आई भाकरी पुढं ठेवायची, मुंग्या लागायच्या.

तेव्हापासून नानांचं नाव काढलं की माझ्या कानशिलात ठणकायचं. यांची जिरवायचीच, असं मी ठरवलं होतं. पण जिरवणार कशी? म्हाताऱ्याला मारावं तर लोक माझ्यावरच थुंकतील.

मग ते पिक्चर आलं.

पेटीत रिळांभोवती सोलापूरच्या पेपरचा कागद गुंडाळला होता, त्यात त्याच पिक्चरची हजेरी घेतलेली. लिहिणाऱ्यानं सालटी काढली होती. गोष्टीला ना शेंडा ना बुडखा, हिरोच्या तोंडावर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच भाव, रक्त म्हणून रंगाच्या बादल्या ओतलेल्या, आणि एवढी माणसं मारून हिरो शेवटी सूड सोडून देतो, हे तर अगदीच हास्यास्पद. मी मालकाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "अच्छा है. पेपरवाले गाली देरे मतलब चलता."

सकाळी आम्ही दोघांनीच ते चालवून बघितलं. एका माणसाचा भाऊ मारला जातो. मारणारे पाच जण. हा त्यांना एकेक करून गाठतो आणि मारतो. कुणाला विहिरीत, कुणाला गाडीखाली. एकाला तर जिवंतपणीच गुरांच्या कळपाखाली ढकलतो. सगळं एका मोठ्या माळावर घडतं. फुफाटा, काटेरी तार आणि हजारभर गुरं. आणि शेवटचा पाचवा माणूस म्हणजे त्या गुरांच्या वाड्याचा फाटकवाला. त्यानं कुणाला मारलेलं नाही, नुसतं फाटक उघडून खुनी आत घेतलेले. म्हातारा, टकला, गळ्यात रुमाल. आणि डावा हात कमरेवर! मी टेबलावरनं उठून उभाच राहिलो. शेवटच्या रिळात हिरो त्याच्या कपाळाला बंदूक लावतो, म्हातारा हात जोडतो, आणि हिरो बंदूक खाली घेतो. आपल्या बाटलीतलं पाणी त्याला पाजतो आणि निघून जातो. संपलं.

मालकानं कपाळावर हात मारला. "ये कैसा चलेंगा? पब्लिक कुर्सी तोडेंगी!" खुर्च्या आमच्याकडं चारच होत्या, तरी त्यानं कात्री घेतली. पाणी पाजायचा भाग उडवला. दुसऱ्या रिळातनं बंदुकीचा बार आणि पाठमोरा पडणारा माणूस काढून तिथं चिकटवला. झालं, फाटकवाला खलास. खरा शेवट त्याला आणि मला सोडून कुणाला माहीत नव्हता.

पहिल्याच खेळाला फाटकवाला पडद्यावर आला आणि पुढच्या रांगेतनं कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर आपल्या छावणीचा नाना!" हशा पिकला. मी काहीच केलं नव्हतं, लोकांनीच हातात आणून दिलं. मी माइकवर म्हणालो, "व्हय मंडळी. तिकडं अमेरिकेत बी औंदा दुष्काळ पडलाय. तिकडं बी छावण्या हायत. आन् छावणीच्या फाटकावर असा एक म्हातारा हाय." मग सुटलोच. हा म्हातारा गोरगरिबांची जनावरं बाहेर ठेवतो, बड्यांची आत घेतो. ह्याच्या फाटकापुढं किती बैल मेले, किती कास्तकार रडत गेले. हिरोचा भाऊ मेला होता, मी म्हणालो हिरोचा बैल मेला. भाऊ कुठं दिसला तरी मी म्हणायचो, ह्येनंच त्यो बैल सांभाळला होता. कुणीही विचारलं नाही की एका बैलासाठी पाच माणसं कशी मारतो. आमच्याकडं त्या वर्षी हा प्रश्न कुणाला पडला नसता.

शेवटचा बार झाला तेव्हा टोप्या उडाल्या. बायकासुद्धा उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. सोसायटीचा चेअरमन मागं चार खुर्च्यांपैकी एकीवर बसलेला होता. मला वाटलं, हा आता खडसावणार. त्यानं बाहेर पान मागवलं, अर्धं मला दिलं आणि म्हणाला, "लई झ्याक सांगतूस रं. असंच सांगत जा." का नाही म्हणणार? नियम त्यानं काढलेला. लोकांच्या शिव्या इतके दिवस त्याच्या वाड्यापर्यंत पोचत होत्या, आता त्या फाटकावरच अडल्या. मला हे तेव्हाच कळलं होतं. मी पान खाल्लं.

आता जे सांगायचं टाळत होतो, ते सांगतो. तो नियम गावाला पहिल्यांदा कुणी ऐकवला? मी. चेअरमनचा कागद, माझा आवाज, छपरावरचा कर्णा. माझ्या बापानं तो माझ्याच तोंडून ऐकला होता आणि तरी बैल घेऊन निघाला होता. आणि दुसरं. बैल पडला त्या दोन दिवसांत नाना दिवसातनं तीनदा फाटकाबाहेर आले. उपरण्यात उसाचं वाढं बांधून आणायचे, छावणीच्या हौदातली बादली कंबर धरून उचलायचे. बैलाची मान मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजायचे. बापाला म्हणायचे, "एकदा उभा ऱ्हाऊ द्या फकस्त, मग बघा म्या कसा आत घेतो." हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. सगळं माहीत होतं मला. तरी राग त्यांच्यावरच. दुष्काळाची गचांडी धरता येत नाही, चेअरमनची धरायची माझी छाती नव्हती. नानांची मानगूट तेवढी हाताला लागत होती.

पिक्चर चांगलं दोन महिने चाललं. दर बाजाराला मी नानांवर एखादं पाप वाढवायचो. छावणीत त्याचे परिणाम दिसायला लागले. पोरं फाटकाला शेण फासायची. बाया टँकरवर नानांच्या बायकोची घागर रांगेतनं काढून लांब ठेवायच्या. ती घागर उचलून परत शेवटाला उभी राहायची. एका कास्तकारानं नानांच्या तोंडावर सांगितलं, "तुमचं तर इंग्रजी पिक्चरात बी आलंया." नाना हसले म्हणे. त्यांना आधी गंमतच वाटली. मग सोसायटीच्या लोकांनी चेअरमनकडं तक्रार नेली आणि ठरलं की पुढच्या बाजारी बैठक घेऊन म्हाताऱ्याला काढायचं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी नाना थेटरवर आले. पायी, त्या उन्हात, बायकोला बरोबर घेऊन. मी मशीनच्या खोलीबाहेर बसलो होतो. मालक आत रिळं पुसत होता.

"लेकरा," नाना खाली बसत म्हणाले, "उद्या बैठक हाय. मला काढत्यात म्हणं. काढलं तर आमी जायाचं कुठं? हिला दम्यानं चालवत न्हाय. छावणी हाय म्हून दोन घास मिळत्यात."

मी म्हणालो, "मग म्या काय करू, नाना?"

"तुजं सगळी ऐकत्यात. तुज्या कर्ण्यावर एकच बोल. पिक्चर येगळा, माणूस येगळा. बास. तू बोललास की बैठकीत कुनी हात वर करणार न्हाय."

त्यांची बायको उभीच होती. पदर तोंडावर घट्ट धरून, धाप आवरत, माझ्याकडं टक लावून बघत होती. ती म्हणाली, "ह्यो न्हाय बोलायचा. ह्यो सगळं मनचं सांगतोय. ह्येच्या बैलाचा डंख हाय ह्येच्या मनात."

"गप गं," नाना तिच्यावरच चिडले. "त्यो शिकल्याला हाय. इंग्रजीत जे असंल तेच सांगंल का न्हाय? तिकडं बी असाच नियम असंल. त्येचा काय दोष?"

आतनं मालक म्हणाला, "बोल दे ना मियाँ. एक जुमला है." मी म्हणालो, "बोलतो नाना. फाटकवाला आला की लगेच बोलतो. तुम्ही उद्या खेळाला या, पुढंच बसा." नानांनी माझ्या पायाला हात लावला. साठीच्या माणसानं. मी पाय मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी थेटर फुटायला आलं होतं. बैठक खेळानंतर होती, त्यामुळं सोसायटीचे सगळे सभासद, त्यांच्या बायका, छावणीतले लोक, सगळे आत. चेअरमन खुर्चीवर. नाना आणि त्यांची बायको पुढं, माझ्या टेबलापासून चार हातांवर मातीत बसलेले. नानांनी धुतलेलं उपरणं घातलं होतं. ते पहिल्यांदाच पिक्चर बघत होते. भिंतीवर घोडी पळाली तेव्हा त्यांचं तोंड उघडंच राहिलं. एका ठिकाणी हिरो आपटला तर "अगं आई गं" म्हणाले.

मी ठरवलं होतं बोलायचं. देवाशपथ सांगतो, वाक्य घोकलं होतं. कोणत्या रिळात, कुठं बोलायचं, सगळं.

फाटकवाला पडद्यावर आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. कुणीतरी नानांच्या टाळूवर टिचकी मारली. नाना माझ्याकडं वळून बघायला लागले, हात गुडघ्यावर, अगदी शाळेतल्या पोरासारखे. फाटकवाल्यानं हात जोडले आणि त्याचे ओठ हलायला लागले. थेटर गपगार झालं. चारपाचशे माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, आता मी काय सांगतो म्हणून. तसं मला आयुष्यात परत कधी मिळालं नाही. मला त्याची चव लागली होती, खोटं कशाला बोलू? एका वाक्यानं हे सगळं विझणार होतं. लोक हिरमुसणार, चेअरमनच्या कपाळाला आठी पडणार, आणि मी परत नापास झालेला एक पोरगा होणार. आणि त्या क्षणी, का कुणास ठाऊक, पाचटाचा वास नाकात आला. बैलाच्या पोटाखालच्या.

मी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हाताऱ्याच्या आवाजात, नानांच्याच आवाजात, कंबर धरून बोलावं तसं बोललो. "म्या काय करू? नियम हाय. उठवा, चालवा, मग लिहितो."

थेटर पेटलं. त्या शब्दांवर प्रत्येकाचं एखादं जनावर मेलं होतं. पहिली चप्पल भिंतीवर बसली, फाटकवाल्याच्या तोंडावर. दुसरी नानांच्या पाठीत. मग मोजदाद राहिली नाही. नाना उठून उभे राहिले, लोकांकडं तोंड केलं आणि हात जोडले. पडद्यावरचा म्हातारा त्यांच्या मागं तसेच हात जोडून उभा होता. लोकांना तर आणखीच चेव आला. एक खेटर, टाचेला नाल ठोकलेलं, त्यांच्या बायकोच्या भुवईवर बसलं. ती एकदम खाली बसली.

मालकानं मशीन बंद केलं. लोक ओरडायला लागले, शेवट दाखवा, शेवट दाखवा. दाराकडं जायला वाट नव्हती, सगळी गर्दी उभी. मालक माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "चलातूं मैं. नै चलाया तो बुड्ढे कू मार डालेंगे." त्यानं रीळ लावलं. नाना आणि त्यांची बायको तिथंच मातीत बसून राहिले, तिच्या भुवईतनं रक्त, नानांनी उपरणं दाबून धरलेलं. आणि मला सांगावं लागलं. सांगावं लागलं कसलं, मी सांगितलं. बंदूक कपाळाला लागली हे सांगितलं, म्हातारा भीक मागतो हे सांगितलं. लोक पडद्याकडं बघत नव्हतेच. सगळे नानांकडं बघत होते, आणि बार झाला तेव्हा त्यांच्याकडं बघूनच टाळ्या वाजवल्या.

पुढचं पटकन सांगतो. बैठक बाहेर लिंबाखाली झाली आणि पान खाऊन होईस्तोवर संपली. सगळे हात वर. चेअरमन म्हणाला, लोकांची भावना आहे, माझा इलाज नाही. फाटकावर त्याच्या मेव्हण्याचा पोरगा बसला. नियम तोच राहिला, फक्त आता बाहेर वाढं आणून देणारं कुणी नव्हतं. चार दिवसांनी नाना आणि त्यांची बायको बार्शीच्या बाजूला चालत गेली, एवढंच कुणीतरी सांगितलं. दोघं पोचली का, हे मी कधी विचारलं नाही. मला विचारता आलं असतं. माझ्या बापाला बाजारातच कळलं होतं. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला. म्हणाला, "तुला वाटलं आसंल म्या खूश हुईन." एवढं बोलून भाकरी उचलून परड्यात गेला. त्यानंतर तो मेला तोवर, अठरा वर्षं, माझ्या हातनं पाण्याचा तांब्या घेतला नाही. मी पुढं दूध संघात चिकटलो, चेअरमनच्याच चिठ्ठीवर. बरं चाललं.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं, खेळ सुटल्यावरचं. थेटर रिकामं झालं होतं. मातीत बिनजोडीच्या चपला पडल्या होत्या. बाहेर लिंबाखालनं बैठकीचा कालवा येत होता. मी माइकची वायर गुंडाळत होतो, वर बघायची हिंमत नव्हती. नाना बायकोला धरून माझ्या टेबलाशी आले. मला वाटलं, आता शिव्या घालतील, थुंकतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं, मला आयुष्यभर पुरल्या असत्या.

ते नुसते म्हणाले, "लेकरा, तुला बोलाया गावलं न्हाय, व्हय? लई कालवा झाला."

मी वायर गुंडाळतच राहिलो.

"एक इचारतो, खरं सांग. त्या इंग्रजीत शेवटाला काय हाय? त्या म्हाताऱ्याला खरंच मारत्यात? का सोडत्यात?"

मालक मशीनच्या खोलीच्या दारात उभा होता. तो माझ्याकडं बघत होता. कापलेलं रीळ त्याच्या पायाशी डब्यात होतं, पाण्याची बाटली, हिरो, सगळं त्यात. मला फक्त म्हणायचं होतं, सोडत्यात, नाना. पाणी पाजत्यात. दारातनं उजेड येत होता, डब्यातली ती पट्टी उजेडाला धरूनही त्यांना दाखवता आली असती. तेवढ्यानं त्यांची नोकरी राहिली नसती कदाचित, पण मी काय केलं ते त्यांना कळलं असतं. आणि तेच मला नको होतं.

मी म्हणालो, "मारत्यात."

नानांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या तोंडावर चक्क हायसं वाटल्यासारखं झालं. ते बायकोकडं वळले, उपरण्याची दुसरी कोरडी बाजू तिच्या भुवईवर धरली आणि म्हणाले, "बघ. म्या म्हणलं व्हतं का न्हाय तुला? पोरगं मनचं सांगणार न्हाय. पिक्चरातच तसं हाय. उगं लेकराला नावं ठिवत व्हतीस."

तिनं एका उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. तिला सगळं कळलं होतं आणि मला कळलं होतं की तिला कळलंय.

"व्हय," ती नवऱ्याला म्हणाली. "तसंच असंल. चला आता."